लॉगबुकावर सही कुणाची?

चिलरचं लॉगबुक उघड. कालचं पान काढ. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत पाण्याचं तापमान सात अंश, सात अंश, सात अंश. एकच पेन, एकच अक्षर. मी काल प्लँटरूममध्ये गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि सहाचं रीडिंग भरून तयार होतं! खाली सही कुणाची? तुझी. ऑपरेटर कामचुकार आहे, कबूल. तू कोण आहेस?

कार्डावर ‘प्रॉपर्टी मॅनेजर’ छापून घेतलंस. लिंक्डइनवर मिरवलंस. तिसऱ्या बेसमेंटला शेवटचा कधी उतरलास? उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर दुसरा धंदा बघ.

आणि ती कारणं! ‘सर, मी बी.कॉम., इंजिनिअर नाही.’ बरं. मग हिशेब तरी येतो का? चौथ्या मजल्यावरच्या कंपनीने विचारलं, रात्री आठनंतर एसी चालवला तर बिल कसं लावता? ‘चेक करून कळवतो’ म्हणालास. लीज डीड वर्षभर तुझ्याच ड्रॉवरमध्ये पडलंय. लॉक-इन कधी संपतो, भाडेवाढ कधीपासून, कॅममध्ये, म्हणजे सामायिक देखभाल खर्चात, काय धरायचं नि काय नाही, सगळं त्यात लिहिलंय. वाचायला इंजिनिअर व्हावं लागतं?

तळमजल्यावरच्या कॉफीवाल्याचा लिव्ह अँड लायसन्स करार अजून नोंदलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999. कलम 55 काय म्हणतं? नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत समोरचा सांगेल त्या अटी खऱ्या. मालकाने तुला नेमलंय ते कशासाठी? पाहुण्यांना लॉबी दाखवायला?

‘बजेट मिळत नाही.’ आठव्या मजल्याच्या फायर एक्झिटमधली खोकी हलवायला कसलं बजेट लागतं रे? ‘मेल टाकलाय सर.’ धूर काय तुझा मेल वाचून थांबणार आहे? कमला मिल आठवते? लोअर परळ, 29 डिसेंबर 2017. गच्चीवरच्या हॉटेलांना मध्यरात्रीनंतर आग लागली, 14 माणसं गेली. तेव्हा व्हॉट्सॲपवर सगळेच हळहळले. आज एक अख्खी इमारत तुझ्या हातात आहे. 2006च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी जातो. तो फाईलला लावलास की तू मोकळा? परवा फायर पंपाच्या पॅनेलवरचा स्विच ‘ऑटो’वर नव्हता, ‘मॅन्युअल’वर होता. वर स्प्रिंकलर उघडला असता, लाइनचं प्रेशर पडलं असतं, तरी खाली पंप ढिम्म हलला नसता. कुणीतरी धावत जाऊन बटण दाबेपर्यंत. कोण धावणार होतं? तू?

आता नवं खूळ: ‘आधी एफएमपी करतो, मग बघा.’ जरूर कर. फॅसिलिटी मॅनेजमेंटचा चांगला कोर्स आहे. पण तू तो शिकायला करत नाहीयेस, आजचं काम उद्यावर ढकलायला करतोयस. हे तुलाही कळतं, म्हणून तर नजर चुकवतोयस.

हे क्षेत्र आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. 2019मध्ये देशातला पहिला आरईआयटी, म्हणजे इमारतींच्या भाड्यावर चालणारा गुंतवणूक ट्रस्ट, शेअर बाजारात आला. तेव्हापासून ऑफिसांच्या भाड्यात साध्यासुध्या गुंतवणूकदाराचेही पैसे आहेत. जाब विचारणारे वाढणार. त्यांनाही ‘चेक करून कळवतो’ सांगणार?

मठ्ठ असतास तर मी एक शब्द खर्च केला नसता. मागच्या पावसाळ्यात रॅम्पवरून पाणी आत आलं, तेव्हा रात्रभर गुडघाभर पाण्यात कोण उभं होतं? पंप कुणी मागवले? विजेच्या एचटी रूमच्या दारात वाळूच्या गोण्या कुणी रचल्या? तूच ना? तेव्हा नाही आठवलं बी.कॉम.? राग त्याचाच येतो. तुला काम येत नाही असं नाही. तुला करायचं नसतं. संकट आलं की मर्द, आणि रोजच्या फेरीचा मात्र कंटाळा. या नोकरीत संकटं वर्षातून एकदा येतात, फेरी रोज असते.

सोमवारी सकाळी सातला तिसऱ्या बेसमेंटला ये. ब्लेझर नको, सेफ्टी शूज घाल. महिनाभर प्रत्येक रीडिंग स्वतः मीटरसमोर उभं राहून घ्यायचं, मगच सही. येताना लीज डीड वाचून ये, मी विचारणार आहे. आणि ती खोकी आज संध्याकाळच्या आत हलली पाहिजेत. मेल टाकू नकोस. वर जा.