पाकट आणि पतंग

एखाद्या जातीचा निर्वंश करणे अधिक गैर, की तिला इतके आपलेसे करणे की आपल्यावाचून तिला जगताच येऊ नये? दोन जीवांच्या निमित्ताने हा प्रश्न आम्हांस पडला आहे.

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर एक लहान पाकट होता. १८६२ साली बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, मासळीबाजारात त्याची एक मादी मिळाली. लांबी अवघी ३३ सेंटिमीटर. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ मार्टेन्स यांनी १८६४ मध्ये तिचे वर्णन केले. दुसरा पाकट पुन्हा मिळाला नाही, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ही जात नष्ट झाल्याचे जाहीर झाले. माणसामुळे नामशेष झाल्याची नोंद झालेला हा पहिला सागरी मासा. त्याचा वंश बुडावा असे कोणाच्याच मनात नव्हते. शेवटचा पाकट जाळ्यात आला, तेव्हा तो शेवटचा आहे हे ओढणाऱ्यास कळणार तरी कसे?

रेशमाच्या पतंगाचे उलट आहे. चीनमध्ये माणसाने त्यास पाळून सुमारे पाच हजार वर्षे झाली. आज तो रानात कोठेच नाही. पंख आहेत, पण उडता येत नाही. बहुतेकांवर पंख फुटण्याची वेळही येत नाही, कारण धागा अखंड राहावा म्हणून कोश आतल्या जिवासकट उकळतात. त्याच धाग्याचा कद नेसून आपल्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या देवपूजा झाली, आणि तो सोवळा मानला गेला! वंश टिकला एवढ्यावर उपकार झाला म्हणावे, तर या पतंगासारखा भाग्यवान दुसरा नाही. आम्हांस ते पटत नाही.

हेतू पाहिला, तर पतंगाबाबतचा दोष उघड आहे, पाकटाबाबत तो नाही. पण हेतू नव्हता ही सबब कोठवर पुरावी? जावाच्या किनाऱ्यावरची मासळी घटत चालल्याचे १८७० च्या दशकातच दिसू लागले होते. जाळी मात्र थांबली नाहीत. पाकट ठाऊक नव्हता, घट ठाऊक होती. म्हणून त्याच्या बाबतीतला दोषच आम्हांस अधिक जड वाटतो. पतंगाचे देणे अजून फेडता येते: तो कोश फोडून बाहेर पडल्यावर उरलेल्या तुटक तंतूंचेही सूत कातता येते, जरासे भरड, कमी झळाळीचे. पाकटाचे देणे फेडावे कोणास? ती एक मादी बर्लिनच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.