शांती कोणाची आणि कोणाच्या मोलाने?

देवळाच्या सभामंडपात पाऊल ठेवताच 'कृपया शांतता राखा' ही पाटी भाविकांच्या दृष्टीस पडते. आत गाभाऱ्यापाशी पूजा संपत आली की ब्रह्मवृंद शांतिपाठ म्हणतो आणि अखेरीस 'शांतिः' हा शब्द तीन वेळा उच्चारतो. बाहेर कार्यालयाच्या खिडकीशी कोणी वास्तुशांतीची तिथी विचारत असतो, कोणी उदकशांतीची, तर कोणी वडिलांच्या साठीच्या शांतीची. अवघ्या पन्नास पावलांच्या अंतरात एकच शब्द तीन ठिकाणी भेटतो आणि तीनही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो.

मराठीने 'शांतता' आणि 'शांती' असे दोन शब्द जवळ बाळगले आहेत, हे भाषेचे शहाणपणच म्हटले पाहिजे. गोंगाट थांबला की शांतता होते. शांती मात्र त्यानंतरही उरते किंवा उरत नाही. शांतिपाठातील तीन उच्चार आधिदैविक, आधिभौतिक आणि आध्यात्मिक अशा तीन तापांच्या निवारणासाठी असतात, असे परंपरा सांगते. दैवी आपत्ती मनुष्याच्या हाती नाही. अंतःकरणातील तापाचा विचार संतवाङ्मयाने विपुल केला आहे. मधला ताप मात्र इतर जीवांकडून, आणि बहुतेक वेळा माणसाकडूनच माणसाला होणारा. त्याची शांती कशी करावी, हा प्रश्न पूजेपेक्षा व्यवहारातच अधिक वेळा उभा राहतो.

कायद्याला हवी असते ती पहिल्या प्रकारची, म्हणजे शांतता. भारतीय संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा अधिकार दिला आहे. २५व्या अनुच्छेदातील धर्मस्वातंत्र्यही सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अधीन ठेवले आहे. शेताच्या बांधावरून दोन शेजारी हातघाईवर येतील अशी भीती असली, तर कार्यकारी दंडाधिकारी त्यांच्याकडून शांतता राखण्याचे, फार तर एक वर्षाचे, बंधपत्र लिहून घेऊ शकतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ मध्ये आहे. पोलीस ठाण्याच्या बोलीत हिला 'चॅप्टर केस' म्हणतात. बंधपत्र लिहून देणाऱ्याने वर्षभर हात उगारू नये, एवढीच कायद्याची अपेक्षा असते. बांध कोणी कोरला, हे ते बंधपत्र विचारत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. ही अपेक्षा तोकडी वाटली तरी तिला कमी लेखू नये. ज्याने दंगलीची एक रात्र घरात कोंडून काढली आहे, त्याला या तोकड्या शांततेचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नसते.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावातील तंटे गावातच, सामोपचाराने मिटावेत हा तिचा हेतू. कज्जेदलालीत पिढ्या खर्ची घालणाऱ्या गावांना अशा मोहिमेची निकड होतीच. परंतु 'मिटवणे' या क्रियापदाला मराठीत दोन अर्थ आहेत. तंटा सोडवला तरी तो मिटतो आणि तक्रार करणाऱ्याला गप्प बसवले तरी तो मिटतो. चावडीवर दोन्ही सारखेच दिसतात.

महर्षी व्यासांनी हा भेद उद्योगपर्वात फार स्पष्ट दाखवला आहे. वनवास व अज्ञातवासाची तेरा वर्षे पूर्ण करून पांडव आपले राज्य मागतात, तेव्हा धृतराष्ट्र संजयाला त्यांच्याकडे पाठवतो. संजय युधिष्ठिराला शांतीचा महिमा सांगतो. युद्धात कुलाचा संहार होईल. असले राज्य जिंकण्यापेक्षा अंधक-वृष्णींच्या देशात भिक्षा मागून राहणे बरे, असेही सुचवतो. त्याच्या बोलण्यातील एकही वाक्य खोटे नाही. मात्र त्या साऱ्या उपदेशात राज्य परत देण्याविषयी एक शब्दही नाही. ज्याच्या ताब्यात सर्व आहे, त्याने ज्याचे सर्व गेले त्याला शांत राहण्याचा उपदेश करावा, असा तो निरोप होता. युधिष्ठिर शांती नाकारत नाही. त्याला ती इतकी हवी आहे की तो मागणी कमी करत करत पाच भावांसाठी पाच गावांवर येतो. पण त्या पाच गावांच्या खाली तो उतरत नाही. पुढे प्रत्यक्ष श्रीकृष्ण शिष्टाईला गेले, तरी सुईच्या अग्रावर मावेल एवढीही भूमी देण्यास दुर्योधन तयार झाला नाही.

या कथेतील एक तपशील सहसा प्रवचनांतून निसटतो. हस्तिनापुरास परतलेला संजय धृतराष्ट्रालाच दोष देतो आणि सविस्तर वृत्तांत सकाळी सभेत सांगेन म्हणून निघून जातो. त्या रात्री धृतराष्ट्राला झोप येत नाही. तो विदुराला बोलावून घेतो, आणि विदुरनीती म्हणून जो उपदेश आज घरोघरी वाचला जातो तो त्या जागरणात सांगितलेला आहे. त्या उपपर्वाचे नावच 'प्रजागर', म्हणजे जागरण. शांतीचा निरोप धाडणाऱ्यालाच निद्रा नव्हती.

हस्तिनापूर दूर राहिले. असा निरोप घरोघरीही धाडला जातो. वडील निवर्तले, तेराव्याचे जेवण झाले की काही दिवसांत सातबाऱ्यावर वारसांची नावे लावण्याचा विषय निघतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तरीही बहिणीला फोन जातो तो बहुधा दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी. 'घरात शांतता राहावी', 'माहेर तुटू नये', 'भाऊबीजेला कोणत्या तोंडाने यायचे' अशी वाक्ये मग बोलली जातात. तीही संजयाच्या वाक्यांसारखीच खरी असतात. बहीण सही करते. घरात आवाज चढत नाही, वकील लागत नाही, आणि हे कुटुंब किती समजूतदार म्हणून पाहुणे वाखाणतात.

बहिणीने आपला हिस्सा भावाला देऊ नये असे कोणते शास्त्र सांगत नाही. भावाची अडचण पाहून तिने आपण होऊन सोडला, तर ते दानच आहे, आणि दानाने मिळणारी शांती खरी असते. प्रश्न त्याआधीचा आहे. तिचा हिस्सा किती गुंठ्यांचा, हे तिला कोणी सांगितले होते काय? 'नाही' म्हणण्याची वाट तिच्यासाठी मोकळी होती काय? नाही म्हटल्यावरही भाऊबीजेचे ताट मांडले गेले असते काय? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून घेतलेल्या होकाराला दान म्हणता येत नाही.

पुढे त्याच जमिनीवर घर उभे राहते आणि वास्तुशांतीचा दिवस येतो. या विधीमागची भावना मोठी हृद्य आहे. पाया खणताना माती दुखावली, झाडांची मुळे तुटली, मुंग्या-किड्यांची घरे मोडली, त्या सर्वांची क्षमा मागितल्यावाचून त्या वास्तूत सुखाने राहू नये, असे पूर्वसूरींना वाटले. नकळत झालेली हिंसादेखील आधी मान्य करायची आणि मग शांती मागायची, हा त्याचा क्रम आहे. मुंगीची क्षमा मागणाऱ्या त्या घरात बहीण पाहुण्यांच्या पंगतीत बसलेली असते, आहेराची साडी मांडीवर घेऊन.

मग सोसणे हे शांतीचे लक्षण नव्हेच काय? पैठणचे एकनाथमहाराज शांतिब्रह्म म्हणून ओळखले जातात. गोदावरीचे स्नान करून येताना एक जण त्यांच्या अंगावर थुंकत असे, नाथ पुन्हा स्नानाला जात, आणि असे एकशे आठ वेळा घडले तरी त्यांचे चित्त ढळले नाही, ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. परंतु याच नाथांनी पितरांसाठी सिद्ध केलेले अन्न दारावरून जाणाऱ्या भुकेल्या अंत्यजांना वाढले आणि गावचा रोष पत्करला. गोदेच्या तापल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे मूल त्यांनी कडेवर उचलून घरी पोहोचवले. त्या दोन्ही प्रसंगी पैठणची शांतता नाथांनीच मोडली असे तेव्हाच्या कित्येकांना वाटले असणार. स्वतःच्या अंगावरची थुंकी त्यांनी सोसली. दुसऱ्याच्या पोटातली भूक किंवा पायाखालची आग त्याने सोसावी, असे मात्र त्यांनी कधी म्हटले नाही.

पंढरपुरात १९४७ सालापर्यंत विठ्ठलमंदिरातील नित्योपचार यथासांग चालत होते. काकड्यापासून शेजारतीपर्यंत कशात खंड नव्हता आणि देवळात शांतताही होती. अस्पृश्य मानले गेलेले वारकरी शेकडो मैल चालून येत आणि बाहेरूनच परत जात. त्यांच्या त्या परत जाण्याचा आवाज आत ऐकू येत नसे. साने गुरुजींनी आधी काही महिने महाराष्ट्रभर हिंडून लोकांना समजावले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. त्यांनी कोणाच्या दाराची कडी तोडली नाही. शांतीची किंमत स्वतःच्या देहातून दिली. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले.

संत चोखामेळ्यांची समाधी महाद्वाराबाहेरच, नामदेव पायरीच्या समोर आहे. जिवंतपणी त्यांना त्या दारातून आत जाता आले नव्हते. आज पंढरीस येणारा वारकरी आधी पायरीवर डोके टेकवतो, चोखोबांच्या समाधीचे दर्शन घेतो आणि मग रांगेत उभा राहतो.