वैकुंठाची ओवी

जागतिकीकरण स्थानिकाला सपाट करते, असे समाजशास्त्रज्ञ जॉर्ज रिट्झर यांची मांडणी सुचवते. समाजशास्त्रज्ञ रोलँड रॉबर्टसन यांच्या मते जागतिक आणि स्थानिक दोन्ही एकमेकांना घडवतात. मला दुसरे म्हणणे पटते. एक जुने उदाहरण पाहा. इंग्लंडचे जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. लिपी रोमन, कथा बायबलची. पण भाषा मराठी, छंद ओवीचा आणि स्वर्गाला शब्द ‘वैकुंठ’. विश्वधर्मालाही बोलायला इथलाच शब्द लागला, आणि त्या शब्दालाही नवा अर्थ चिकटला.

यामागे पोर्तुगीज सत्ता होती, देवळे पाडली गेली होती, हा आक्षेप खराच आहे. घडवणे परस्पर असले म्हणून ते समान ठरत नाही. तरीही सत्तेला ओवी टाळता आली नाही, यातच स्थानिकाचे बळ दिसते.