कप, पेला आणि विवेक

देवाने निर्माण केलेल्या सुखांचा आस्वाद माणसाने कसा घ्यावा, हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांचा नाही. सकाळची कॉफी आणि लग्नसमारंभातील वाईन तो प्रश्न आपल्या घरात आणून ठेवतात. दोहोंची आवड असणारा माणूस आज थोडा गोंधळलेला आहे, कारण या दोन पेयांविषयीचा वैद्यकीय निवाडा आपल्या डोळ्यांदेखत बदलला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ साली कॉफीवर मूत्राशयाच्या कर्करोगाचा संशय घेतला होता. २०१६ मध्ये तिनेच तो मागे घेतला. मात्र कोणतेही पेय ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पिणे अन्ननलिकेला बहुधा घातक ठरते, असे बजावले. निरोगी प्रौढाला दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सहसा बाधत नाही. गरोदर स्त्रीने त्याच्या निम्म्यावर थांबावे. रात्रीची झोप उडवणारी कॉफी मात्र कोणालाच हितकर नाही.

वाईनच्या बाबतीत नेमके उलटे घडले. १९९०च्या दशकात फ्रेंच लोकांच्या सुदृढ हृदयाचे श्रेय तांबड्या वाईनला दिले जाई. पुढे त्या अनुमानातील उणिवा दिसू लागल्या: न पिणाऱ्यांत गणलेल्या अनेकांनी आजारपणामुळेच पिणे सोडले होते. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः निर्धोक नाही.

मग वाईनचा पेला पापमय ठरला काय? तसे नव्हे. संत पौलाने तिमथीला पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सुचवले, हे खरे. पण त्या सल्ल्याचा आधार घेऊन आपल्या आवडीला औषधाचा मुलामा देणे प्रामाणिकपणाचे नाही. काना गावी प्रभूने द्राक्षारस दिला, तो कोणाच्या हृदयविकारावर नव्हे. यजमानाच्या घरचा आनंद उणा पडू नये म्हणून. आनंदाने आनंद म्हणूनच यावे, त्याची किंमत ओळखून यावे आणि थोडक्यात आटोपावे.

संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा फार समतोल विचार केला आहे. द्राक्षारस पिणे मुळात निषिद्ध नाही. परंतु ज्याला तो सोसत नाही, ज्याने न पिण्याचे व्रत घेतले आहे, जो मर्यादा ओलांडतो किंवा ज्याच्या पिण्याने दुसरा अडखळतो, त्याच्यासाठी तो निषिद्ध ठरतो. म्हणजे पेला एकच असला, तरी त्याचे नैतिक मोल माणसागणिक बदलते. संयम हा केवळ मिलिलिटरचा हिशेब नाही. आपल्या शरीराचे सत्य आणि शेजाऱ्याचे हित, दोन्ही त्यात येतात.

ख्रिस्तसभेने हा विवेक प्रत्यक्ष वेदीवरही जपला आहे. मिस्सासाठी द्राक्षांचाच शुद्ध रस लागतो, याविषयी ती काटेकोर आहे. तरीही ज्या धर्मगुरूला मद्य वर्ज्य आहे, त्याला महागुरूंच्या अनुमतीने मुस्तुम, म्हणजे आंबण्याची क्रिया आरंभीच थांबवलेला द्राक्षरस, वापरता येतो. २००३ साली रोमहून आलेल्या पत्रानेही ही अनुमती देण्याचा अधिकार महागुरूंकडे असल्याचे सांगितले. वेदीवर जर दुर्बलाची एवढी काळजी घेतली जाते, तर लग्नाच्या मांडवात नको म्हणणाऱ्याच्या हाती पेला कोंबण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? कदाचित तो मोठ्या कष्टाने व्यसनातून उठलेला असेल. त्याच्या घरी पत्नी आणि मुले वाट पाहत असतील. त्या क्षणी आपला आग्रह हा पाहुणचार राहत नाही.

आणखी एक भ्रम दूर करायला हवा. भरपूर पिऊन झाल्यावर कडक कॉफी घेतली, की माणूस गाडी चालवण्यास लायक होतो, असे अनेकांना वाटते. कॉफी मेंदूची सुस्ती काही काळ झाकते, रक्तातील मद्य कमी करत नाही. ते यकृत आपल्याच गतीने निपटते. अशा वेळी कॉफी घेतलेला माणूस जागा असतो, शुद्धीवर नसतो. आणि हा खोटा आत्मविश्वास रस्त्यावरील निरपराधाच्या जिवावर बेततो.

एखादे सुख आपले आहे की आपण त्याचे झालो आहोत, हे पाहण्याचा उपाय सोपा आहे. येत्या उपवासकाळात आपले आवडते पेय काही दिवस बाजूला ठेवून पाहावे. नेहमीची कॉफी सुटली तर दोन-चार दिवस डोके दुखेल, तेवढे सोसावे. मात्र ज्याला रोज भरपूर मद्य लागते, त्याने ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबवावे. एकाएकी सोडणे त्याच्या जिवाला धोक्याचे असते. त्याचा हात धरून त्याला दवाखान्यापर्यंत नेणे हे आप्तांचे कर्तव्य. जे सुख सहज बाजूला ठेवता येते, तेच कृतज्ञतेने पुन्हा हाती घेता येते.