देयक आणि देणे

रिकाम्या खोलीत जळणारा दिवा मालवावा की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेत यावा इतका मोठा वरकरणी वाटत नाही. काटकसर हा गृहव्यवस्थेतील गुण मानला जातो. ज्याला परवडते त्याने ती केली नाही, तर त्याला फार तर उधळ्या म्हणता येईल. अपराधी म्हणता येणार नाही. ‘वीज मी वापरतो, तिचे देयकही मीच भरतो, यात दुसऱ्याचे काय गेले?’ या सवालाला चटकन उत्तर सुचत नाही. ते शोधणे मात्र आवश्यक आहे.

तेलाच्या दिव्यांच्या काळात हा सवाल सहसा उद्भवत नसे. तेल डोळ्यांदेखत आटे, वात काजळे, ती पुढे सारावी लागे. दिवा ‘विझवला’ असे म्हणणे अशुभ मानून तो ‘मालवला’ किंवा ‘शांत केला’ असे म्हणणाऱ्या आपल्या भाषेत ज्योतीविषयी एक अदब आहे. ती श्रद्धेतून आली, तशीच उजेडासाठी काहीतरी जळते आहे या रोजच्या अनुभवातूनही आली असावी. विजेने तो अनुभव घराबाहेर नेला. बटण दाबणाऱ्याला उजेड तेवढा दिसतो. जे जळते ते दूर चंद्रपुरासारख्या ठिकाणी. कोळशावर चालणाऱ्या केंद्रात एका युनिटसाठी अर्ध्या किलोहून अधिक कोळसा लागतो. त्याची राख आणि धूर यांचा वाटा आसपासच्या वस्तीच्या पदरी पडतो.

पाण्यापासून होणारी वीज तरी निष्कलंक असेल, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु १९२१ साली मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह केला, तो मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनी बांधीत असलेल्या धरणाविरुद्ध होता. सत्याग्रह मोडला, गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली. मुंबईच्या ग्राहकाने विजेचा दर प्रामाणिकपणे चुकता केला असेल. तरी जे विकायचेच नव्हते, त्याची किंमत त्या दराच्या कोणत्या रकान्यात मांडली होती? पुढे कोयनेच्या शिवसागरातही गावे बुडाली. देयकात मोजलेल्या युनिटांचे दाम असतात. ज्यांचे शिवार गेले, ज्यांच्या श्वासात राख आली, त्यांचे देणे त्यात येत नाही. ते देयक भरल्याने फिटत नाही.

१९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी अस्तेय व्रताचा अर्थ असाच विस्तारला आहे. गरज नसताना घेतलेली वस्तू, मग ती देणाऱ्याच्या संमतीने का घेतलेली असेना, त्यांच्या लेखी चोरीच ठरते. हा निकष कठोर आहे. पण ‘मी पैसे मोजले’ या समर्थनातील उणीव तो नेमकी दाखवतो.

यावर एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली असे दाखवले, की वाफेचे इंजिन कमी कोळशात चालू लागल्यावर ब्रिटनमधील कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला. घरातही असे घडू शकते. पूर्वीच्या साठ वॉटच्या बल्बइतका उजेड आज सुमारे नऊ वॉटच्या एलईडी दिव्यात मिळतो. मात्र दीड टनाचे वातानुकूलन यंत्र पूर्ण भाराने तासभर चालले, तर सुमारे दीड युनिट वीज खर्ची पडते. तेवढ्यात तो दिवा दीडशे तासांहून अधिक जळेल. दिव्यात वाचवलेले यंत्रात गेले, तर बचतीचे समाधान तेवढे उरते. उपकरणाची कार्यक्षमता अभियंत्याच्या हाती असते. कोठे ‘पुरे’ म्हणायचे, हे मात्र वापरणाऱ्यालाच ठरवावे लागते.

हे ‘पुरे’ कोणी म्हणायचे, हाही नीतीचाच प्रश्न आहे. एका दिव्याखाली ज्या घरातला स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास चालतो, त्या घराला संयमाचा उपदेश करणे हा दांभिकपणा होईल. कुटुंबातही बचतीचा भार बहुधा गृहिणीवर पडतो. कपडे हाताने धुवायचे ते तिने, आणि हिशेब मांडायचा इतरांनी. ज्याच्या वापरात चैनीचा भाग मोठा, त्याच्याकडे संयमाचे कर्तव्यही आधी जाते.

आपण मालवलेल्या दिव्याने मुळशीचे एकही खाचर वर येणार नाही. पण नवे धरण वा नवी खाण हवी की नको, हे ठरवताना विजेच्या मागणीचा अंदाज पुढे ठेवला जातो, आणि त्या अंदाजात आपल्या रिकाम्या खोलीतला दिवाही मोजलेला असतो. ‘यात दुसऱ्याचे काय गेले?’ असे विचारणाऱ्याला एवढे तरी सांगता येईल, की ज्याचे जायचे आहे तो दुसरा अजून आपल्या शेतात उभा आहे.