लायबेरियाला शिव्या देण्यापूर्वी

क्रूझ जहाजाच्या मागे अमेरिकेचा झेंडा कधी पाहिलात का, असा सवाल अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये दूरचित्रवाणीवर केला. यातले कुणी करच भरत नाही, हा त्यांचा मुद्दा. त्यावर रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल या क्रूझ कंपन्यांचे शेअर गडगडले आणि इकडे आमच्या एका विद्वान स्नेह्यांना स्फुरण चढले. पनामा, बहामा, लायबेरिया ही सगळी चोरबाजाराची दुकाने, ती बंद केली की प्रश्न मिटला, असे ते हल्ली प्रत्येक व्यासपीठावरून सांगतात. या स्नेह्यांनी समुद्र पाहिला आहे तो गेटवेच्या कठड्यावरून.

मुळात करमाफी आणि झेंडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी कंपनीच्या आंतरराष्ट्रीय जहाजवाहतुकीच्या उत्पन्नाला माफी देते ते अमेरिकेच्याच आयकर कायद्याचे कलम 883. त्या कंपनीच्या देशाने अमेरिकी कंपन्यांना तशीच माफी द्यावी, ही त्यातली मुख्य अट. म्हणून रॉयल कॅरिबियनचा कारभार मायामीतून चालतो आणि कंपनी मात्र कागदोपत्री लायबेरियाची. हे कलम लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हियात, लिहिले गेले नाही.

झेंड्याची कहाणी याहून रंगतदार आहे. 1922 मध्ये रिलायन्स आणि रेझोल्यूट ही दोन अमेरिकी प्रवासी जहाजे पनामाच्या झेंड्याखाली गेली. कारण? अमेरिकेत दारूबंदी होती आणि उतारूंना बार हवा होता. लायबेरियाची नोंदणी 1948 मध्ये उभी केली ती अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री एडवर्ड स्टेटिनियस यांनी, आणि तिचा कारभार आजही व्हर्जिनिया राज्यातून चालतो. पुढे 1963 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परक्या झेंड्याच्या जहाजावरील परदेशी खलाशांना अमेरिकेचा कामगार कायदा लागू नाही. मालकांना आणखी काय हवे होते?

समुद्र कुणाच्याच मालकीचा नाही, हे डच कायदेपंडित ग्रोशियसचे म्हणणे आमच्या स्नेह्यांना पाठ आहे. त्यांनी मस्कतचा खटला वाचावा. ओमानमधल्या सूर बंदराचे नाखवे मस्कतच्या सुलतानाची प्रजा, पण त्यांच्या गलबतांवर झेंडा फ्रान्सचा. तो असला की गुलामांचा व्यापार रोखण्यासाठी फिरणाऱ्या इंग्रजी आरमाराला झडती घेता येत नसे. वाद हेगच्या लवादाकडे गेला आणि 1905 मध्ये निवाडा झाला की आपला झेंडा कुणाला द्यायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. आजचे सगळे परके झेंडे याच तत्त्वावर उभे आहेत, आणि त्या वेळी त्याचा लाभार्थी लायबेरिया नव्हता, फ्रान्स होता. (पोर्तुगीजांचा कार्ताझ आणि आंग्र्यांचा दस्तक हे परवाने ठाऊक असलेल्या आपल्या किनाऱ्याला, कुणाच्या कागदावर गलबत चालते या प्रश्नाचे नवल वाटू नये.)

पण त्या निवाड्याचा उत्तरार्ध कुणी सांगत नाही. फ्रान्सने गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा 1890 चा ब्रुसेल्स करार मान्य केला होता, म्हणून त्यानंतर असे झेंडे वाटण्याचा त्याचा अधिकार आखडला, असेही लवादाने म्हटले. म्हणजे झेंडा करारांनी बांधता येतो. मग बांधला का नाही? जहाज आणि झेंडा यांत खरा संबंध हवा, असे 1982 चा सागरी कायद्याचा करार म्हणतो, पण संबंध म्हणजे काय ते सांगत नाही. ते सांगू पाहणारा 1986 चा करार आजवर अमलातच आला नाही.

इथवर आल्यावर मलाही वाटू लागले की जहाजांना मालकाच्या देशाचाच झेंडा सक्तीचा करावा. पण रत्नागिरीतल्या, गोव्याच्या सासष्टीतल्या खलाशांच्या घरांचा विचार केला की ही मागणी अडखळते. अमेरिकेचा झेंडा धरून चालणारे मोठे क्रूझ जहाज आज एकच, हवाईतले प्राइड ऑफ अमेरिका. तेही जर्मनीत पुरे करून घ्यावे लागले आणि त्यासाठी काँग्रेसने खास सवलत दिली. त्या झेंड्याखाली बहुतेक खलाशी अमेरिकीच लागतात. गोव्याचा तारवटी, म्हणजे खलाशी, तिथे केबिन झाडायला जाणार कुठून? परक्या झेंड्याने त्याला स्वस्तात राबवले हे खरे, आणि गावाकडचे घर त्याच पगारावर उभे राहिले हेही खरे. आणि घरचा झेंडा असला म्हणून माणसे वाचतात, असेही नाही. 2012 मध्ये बत्तीस जणांना घेऊन बुडालेली कोस्टा कॉनकॉर्डिया इटालियन कंपनीची होती, झेंडा इटलीचा होता आणि ती आपटली इटलीच्याच किनाऱ्यावर.

म्हणून आता माझी मागणी झेंड्याकडे नाही, बंदराकडे आहे. 2005 मध्ये अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तिथल्या पाण्यात आलेल्या परक्या क्रूझ जहाजांनाही अपंगांच्या हक्कांचा कायदा लागू होऊ शकतो. कायदा करणाऱ्याच्या मनात असले की झेंडा आड येत नाही. खलाशांचे पगार, कामाचे तास, विश्रांती यांविषयीचा 2006 चा सागरी श्रम करार भारताने 2015 मध्ये मान्य केला आहे. कोणत्याही चोवीस तासांत 14 तासांहून अधिक काम नाही आणि आठवड्यात 72 तासांहून अधिक नाही, ही त्यातली कमाल मर्यादा. बंदरात आलेल्या परक्या जहाजाची या बाबतीत तपासणी करण्याचा अधिकार त्या करारानेच आपल्याला दिला आहे. स्नेह्यांनी पुढचे भाषण मुंबईच्या क्रूझ टर्मिनलवर करावे आणि आपल्या सरकारला विचारावे की तो अधिकार किती वेळा वापरला.