आवडीच्या कामाचं भांडवल कोणाचं?

तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच कथेतला एक तपशील मात्र कीर्तनाच्या भरात अनेकदा मागे पडतो. परंपरा सांगते की खतांच्या आधी दोन वाटण्या झाल्या. धाकटे भाऊ कान्होबा यांचा वाटा त्यांच्या हाती देण्यात आला आणि तुकोबांनी पाण्यात सोडला तो फक्त स्वतःचा. १६३० च्या दुष्काळात दिवाळं निघालेल्या, घरात अन्नान्नदशा पाहिलेल्या वाण्याने विठ्ठलाच्या ओढीतही हिशेब चुकवला नव्हता.

आवडीच्या कामाचाच धंदा करावा, असं आज सगळीकडून सांगितलं जातं. त्यावर आपल्याकडे पहिली हरकत येते ती गीतेच्या नावाने. फळाची आस धरू नये असं सांगितलेलं असताना आवडीतून नफा कसा काढायचा? हरकत ऐकायला भारदस्त आहे, पण तिच्यात फारसा दम नाही. कष्टाचा मोबदला घेऊ नये, असं गीता सांगत नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘गीतारहस्य’ तर संसार आणि व्यवहार सोडून पळू नका, हेच शेकडो पानं बजावत राहतं. खरी अडचण वेगळी आहे. फळावरचा हक्क ज्याचा त्याने सोडावा, हे ठीक. बायकोच्या, भावाच्या, मुलाच्या फळावरचा हक्क कोणी सोडायचा?

हा प्रश्न धुंडिराज गोविंद फाळके यांच्या आयुष्यात जितका लख्ख दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्याचा हा मुलगा चित्रकला, फोटोग्राफी, जादूचे प्रयोग, छपाई असं सगळं करून चाळिशीला आला होता. छापखान्याचा धंदा भागीदारांशी न पटल्याने सुटला होता. अशा वेळी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट त्यांच्या पाहण्यात आला आणि पडद्यावर राम-कृष्ण दिसू लागले. पुढचे महिने रात्रंदिवस चित्रपट पाहण्यात आणि प्रयोगांत गेले, ते इतके की डोळे अधू होऊन काही काळ दिसेनासं झालं. विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा मागवून परतले. मग कुंडीतल्या बीजाला अंकुर फुटून वेल कसा वाढतो, याचे तुकड्या-तुकड्याने टिपलेले चित्रण दाखवून त्यांनी कर्ज मिळवलं. तरीही पैसा पुरेना. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

दागिन्यांवर भागलं असतं तर गोष्ट इतरांसारखीच झाली असती. पण सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला कडेने भोकं पाडत होत्या, रसायनं मिसळत होत्या आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही रांधत होत्या. आजच्या भाषेत बोलायचं तर कंपनीची निम्मी यंत्रणा त्या एकटीच्या अंगावर होती. भागीदारीच्या कागदावर त्यांचं नाव शोधायला कोणी जात नाही.

आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात जो चित्रपट लागला, त्याची कथा काय होती? आपलं सत्त्व राखण्यासाठी राजा राज्य देतो, पुढे बायको विकतो, मुलगा विकतो. वचन हरिश्चंद्राचं, किंमत तारामती आणि रोहिदासाची. रोहिदासाच्या भूमिकेत होता फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. पुराणकथेत शेवटी देव प्रकटतो आणि सगळं परत मिळतं. सावकाराकडे तशी सोय नसते.

याचा अर्थ फाळक्यांनी हा उद्योग करायला नको होता, असा मुळीच नाही. तो केला नसता तर भारतीय चित्रपटाची सुरुवात वेगळी झाली असती, आणि सरस्वतीबाई त्या कामात ओढल्या गेल्या होत्या असं म्हणणं म्हणजे त्यांच्याच कर्तृत्वाला कमी लेखणं. भोकं पाडायला शिकणारी, न मागता दागिने काढून देणारी बाई केवळ सोशिक नसते. काम तिचंही झालेलं असतं. इथेच तुकोबांच्या वाटण्यांचा तपशील उपयोगी पडतो. दुसऱ्याचा वाटा घेऊ नये, असा त्याचा अर्थ नाही. आधी तो वेगळा काढून समोर ठेवावा. मग ज्याचा आहे त्याला तो स्वखुशीने आत टाकावासा वाटला तर टाकू द्यावा. घरच्यांनी मूक संमती दिली असं गृहीत धरणारे नवउद्योजक नेमकी हीच पायरी गाळतात.

गोरोबा कुंभारांची आख्यायिका याहून कठोर आहे. नामाच्या तंद्रीत चिखल तुडवताना स्वतःचं मूल पायाखाली आलं, असं ती सांगते. भक्त मंडळी तिच्यात विठ्ठलाची कृपा पाहतात, कारण पुढे मूल परत मिळतं. पण तेरढोकीच्या त्या घरातली आई काही क्षण विठ्ठलावर संतापली होती, हेही कथेने लपवलेलं नाही.

फाळक्यांच्या पुढच्या वाटचालीत दुसऱ्यांच्या पैशाचा प्रश्न पुन्हा आला. १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. फाळक्यांना हवं तसं चित्रण हवं होतं, भागीदारांना आटोक्यातला खर्च. मतभेद विकोपाला गेले आणि फाळके कंपनी सोडून काशीला गेले. तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं आणि काही काळाने पुन्हा त्याच कंपनीत परतले. भागीदारांना अरसिक ठरवणं सोपं आहे, पण त्यांनीही आपला वाटा टाकलाच होता, आणि तो कशासाठी टाकला होता हे त्यांना पक्कं माहीत होतं. फाळक्यांना स्वतःचं काय हवं हे माहीत होतं. मतभेद झाले ते या दोन्ही गोष्टी एका करारात बसवायच्या राहिल्या म्हणून.